बेटावर धाडलेली लेक

लिस्बनच्या कडेला, अमादोरातल्या आम्हा केप व्हर्देकरांच्या वस्तीत, पोर हाताबाहेर गेलं की त्याला मायदेशी, बेटावर आजीकडे धाडायची रीत जुनीच. दोन वर्षं डोक्यावरून पाणी वाहून आणलं, मका कांडला, आजीच्या काठीचा प्रसाद खाल्ला, की पोर सुतासारखं सरळ होऊन परत येतं.

झुल्मिरानं तेच केलं. ती ऑफिसांच्या फरश्या पुसून घरी यायची, तेव्हा पंधरा वर्षांची एदनेया शाळा बुडवून टवाळ पोरांबरोबर स्टेशनवर बसलेली असायची. एकदा झुल्मिरा रागावली, तर पोर म्हणाली, "तू कोण मला सांगणारी? दिवसभर घरी तरी असतेस का?" हे जिव्हारी लागलं. त्याच आठवड्यात तिनं पोरीला विमानात बसवलं.

दोन वर्षांत इथले नियम फिरले. इतके दिवस बाहेर राहिलेल्या पोरांची कायमच्या वास्तव्याची कार्डं रद्द झाली. आता आईनं नव्यानं अर्ज करायचा, तोही पोर अठराचं व्हायच्या आत. ऐकलं तशी झुल्मिरा कचेरीत धावली.

"मुलगी अठराची कधी होते?" कारकुनानं विचारलं.

"चौदा मार्चला."

"अर्ज घ्यायची पहिली तारीख जूनमधली आहे, बाई."

"आधीची बघा ना साहेब, पाया पडते."

"नाही हो. आणि जूनमध्ये ती सज्ञान. मग ती तुमच्या अर्जात बसत नाही."

"म्हणजे जूनमध्ये मी तिची आई नसेन?"

कारकुनानं बिचाऱ्यानं पुढचा नंबर पुकारला. वाईट वाटलं असेल त्याला, पण त्याच्या वाटण्यानं कोणाचं कार्ड होतं? वकिलानंही हात टेकले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! झुल्मिरा बसमध्ये लोकांदेखत रडली.

रविवारी तिनं फोन करून लेकीला सगळं सांगितलं.

"आई, अजून रागावलेलीच आहेस ना माझ्यावर?"

"नाही गं राणी, कायदाच बदललाय."

"खोटं नको बोलूस. मी आता उलट बोलत नाही, आजीला विचार हवं तर. पहाटे उठते, पाणी भरते. ने ना गं मला."

झुल्मिरानं आपल्या मेलेल्या बापाची शपथ घेतली, कचेरीतला कागद वाचून दाखवला. पोरीला ते काही खरं वाटेना. ती पुन्हा पुन्हा माफीच मागत राहिली.