कार्बोरेटरमधीच कचरा हाय!

उंब्रजला हायवेकडेला माझी जुनी मोटारसायकल बंद पडली, तसा टपरीवरचा एक मिशाळ गृहस्थ न बोलावता आला. "कार्बोरेटरमधीच कचरा हाय, लिहून घ्या!" गाडीकडे न बघताच त्यानं निकाल दिला. माझाच पाना घेऊन जेट काढला, तोंडानं फुंकला, पेट्रोल थुंकलं, जेट परत बसवला आणि ऐटीत मिशी पुसली. गाडी ढिम्म. शेवटी मीच वाकून बघितलं, तर प्लगची कॅप निघालेली. ती दाबली आणि पहिल्याच किकला गाडी सुरू झाली.

"बगा, म्हनलं न्हवतं?" तो म्हणाला.

माझं डोकं फिरलं. "तुमची गाडी कुठाय?"

त्यानं टपरीमागं बोट दाखवलं. तिथल्या मोटारसायकलवर घोसाळ्याचा वेल हँडलपर्यंत चढला होता.

"दुरुस्ती चाललीय," तो तोऱ्यात म्हणाला, "कार्बोरेटर खोललाय."