मामाचे केस आणि पंपाची जाळी

मामाला केसांची किळस, आणि नोकरीत वाट्याला आले ते केसच. तो तरणतलावावर जीवरक्षक होता. पण माणसं कमी, म्हणून पंपघरातली जाळीही त्यालाच साफ करावी लागे. केसांचे बुळबुळीत लगदे, त्यात अडकलेली जखमेवरची पट्टी, कधी नखाचा तुकडा. मान फिरवून, श्वास रोखून तो ते उपसायचा. "टोपी घालायची यांना लाज वाटते, ही घाण सोडायची वाटत नाही," म्हणायचा.

त्या दुपारीही मॅनेजरनं त्याला जाळी काढायला पाठवलं होतं. बाहेर ओरडा झाला. मामा धावला, तळाशी गेलेल्या शाळकरी मुलीला वर काढलं, छाती दाबली. ती पाणी ओकली, रडली, वाचली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं कागद पुढे सरकवला. त्यावर मामाच्या नावानं लिहिलं होतं, 'मुलगी बुडाली तेव्हा मी चहाला गेलो होतो.'

"सही कर, प्रकरण मिटेल."

"तुम्हीच पाठवलंत ना मला आत?"

"तसं लेखी आहे का काही?"

मामानं सही केली नाही. पाच आठवडे चौकशी चालली. त्याचं जेवण अर्ध्यावर आलं, झोप उडाली. अखेर मुलीच्या आईनंच सांगितलं, "हे पंपघरातून पळत आले, मी पाहिलंय." मामा सुटला.

सगळं निवळलं, आणि त्यानंतर केस गळायला लागले. उशीवर केस, साबणाच्या वडीला केस, आमटीत केस. एकदा न्हाणीच्या मोरीत मूठभर पुंजका दिसला आणि मामा तिथंच ओकला.

"आता माझ्याच डोक्यातून निघायला लागलं हे," तो मामीला म्हणाला.

मामीचा भाऊ एक बाटली घेऊन आला. कांद्याचा रस, अंडं आणि कसलंसं काळं तेल. "उग्र असतं तेच गुण देतं, दाजी." मामा आठवडाभर ते चोळत राहिला. घरात नासक्या अंड्याचा दर्प भरला, टाळूवर फोड आले, केस आणखी गळले.

शेवटी मी त्याला त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी चिमटीत थोडे केस धरून हलकेच ओढले.

"टोकाला पांढरा ठिपका दिसतोय? हे केस वाढायचे थांबलेले होते. दोन-तीन महिन्यांपूर्वी मोठा ताप, ऑपरेशन, धक्का, असं काही?"

त्या मुलीचं आणि चौकशीचं मीच सांगितलं.

"मग बरोबर आहे. धक्क्यानं बरेच केस एकदम थांबतात आणि नंतर एकदम सुटतात. मुळं जिवंत आहेत, टक्कल पडणार नाही. बहुतेकांचे काही महिन्यांत परत येतात. रक्त तपासून घेऊ. पोटभर जेवा, झोपा, केसांना रगडू नका. ती बाटली टाकून द्या. आणि मनात काय आहे ते कुणाशी तरी बोला."

बसथांब्यावर मामा बोलला. "ती पोरगी ओकत होती ना, तेव्हा तो मॅनेजर मागून म्हणाला, 'फरशी पुसून घ्या, लोक यायच्या आत.' पोर जगली का मेली, विचारलंही नाही. त्याचं तोंड दिसलं की मला थुंकावंसं वाटतं. आणि रोज सकाळी त्यालाच नमस्कार करतो मी."

"मग करतोस कशाला?"

त्यानं दुसऱ्या तलावावर बदली मागितली. जीवरक्षक खुर्ची सोडणार नाही, हे लिहून घेतल्यावरच तिथं रुजू झाला. रक्तात काही निघालं नाही. केस आणखी दोन महिने गळतच होते. मामा रोज कागदानं ते उचलायचा, शिव्या घालत. पण जेवायला लागला, दुपारचं घोरायलाही लागला.

मग कपाळाशी बारीक, ताठ केस उभे राहिले. मामीनं हसत त्यांवरून बोट फिरवलं, तसा मामा मागे सरकला.

"आधी हात धुऊन ये."