विलासचं बुडापेस्ट

फोन आला तेव्हा मी गव्हाचा डबा घेऊन चक्कीवर उभा होतो. विलासच्या शेजारचा माणूस बोलत होता. जेवण झालं, खुर्चीत बसले, पाणी मागितलं आणि वहिनी तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं... डबा तिथंच टाकून मी निघालो. आज त्याला अडीच महिने झाले. रडायचं तेवढं रडून झालं. आता त्याच्याबद्दल लिहायला बसलो की हसूच जास्त येतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं वाईटही वाटत नाही.

विलास साखर कारखान्यात फिटर होता, मी शाळेत मास्तर. चाळीस वर्षं कसबा बावड्यात एका गल्लीत काढली. त्याची एकुलती एक लेक, अश्विनी, शिकायला म्हणून बुडापेस्टला गेली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करून मोकळी झाली. घरी कळवलं तेही लग्न झाल्यावर. विलास चार दिवस गप्प होता, मग निवळला. सुमनवहिनी मात्र काही केल्या निवळेनात. लेकीशी फोनवर बोलायच्या ते ‘जेवलीस का’ एवढंच, आणि जावयाचा विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जायच्या. विलासनं हौसेनं दोघांचेही पासपोर्ट काढले होते, पण चार वर्षांपूर्वी तो एकटाच गेला आणि तीन आठवडे राहून आला.

आला तो बुडापेस्टचा जाणकार होऊनच. गल्लीत कुणी युरोपच्या सहलीला निघालं, कुणाचा मुलगा तिकडं नोकरीला लागला, की विलास त्याला बोलावून घ्यायचा. हळूहळू लोक आपणहून यायला लागले. एकदा मलकापूरचं एक जोडपं कुणाची तरी ओळख काढून आलं. ते खरं तर व्हिएन्नाला चाललं होतं. विलासला त्याचं काय! समोर बसवलं, चहा मागवला आणि सुरू झाला.

“पावणं, पैल्या दिशी कुठं धावाधाव करायची न्हाय. नदीकाठानं पिवळी ट्राम जाती, तिच्यात बसायचं. या टोकापास्नं त्या टोकापतोर. दिवं लागायच्या टायमाला बसा, काय ती पार्लमेंट, काय तो पूल... सगळं सोन्यागत दिसतंय की!”

मग गरम पाण्याचे हौद. तिथं म्हातारे छातीभर पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळतात हे सांगताना त्याला फार आनंद व्हायचा. “मी बी उतरलो. साबण आणि वजरी घेऊनच उतरलो. तिथल्या रखवालदाराची शिट्टी वाजली की राव!” आपण नदीला जातो तसा हा तिथं वजरीच्या दगडानं अंग घासायला बसला होता. खाण्यात लांगोश, म्हणजे तळलेली जाड पुरी, वर लसूण आणि आंबट साय. “घरनं ठेचा न्यायचा, त्याशिवाय मजा न्हाय. आणि मटण म्हणून काय पुढं आलं तर कशाचं ते आधी इचारायचं.” संध्याकाळी कुठं जायचं तेही तो सांगायचा. पडक्या चाळींच्या चौकात म्हणे बिअरबार आहेत, लोक जुन्या बाथटबात उशा टाकून बसतात. दारूला कधी न शिवलेला हा गडी तिथं लिंबूसरबत पीत तीन संध्याकाळी बसून आला होता.

पण त्याचा हुकमी किस्सा वाटीचा. नदीकाठच्या खानावळीत जावयानं माशाचं सार मागवलं. लालभडक, आपल्या तांबड्या रश्श्यासारखं. आता कोल्हापुरात जेवायला बसलेला माणूस रस्सा एकदाच घेतो का? वाटी संपली की पुढं करायची, वाढपी ओतणार. विलासनं तशीच वाटी पुढं केली आणि म्हणाला, “वाढा की.” वाढणारा बघतच राहिला. आजूबाजूचे लोकही बघायला लागले. विलासला चूक कळली, कान गरम झाले, वाटी खाली कशी ठेवावी ते कळेना. इथं विलास थांबायचा, घसा साफ करायचा आणि दारं हादरतील अशा आवाजात म्हणायचा, “तेवढ्यात जावयानं बी आपली वाटी पुढं केली! माझ्या शेजारी, अशी! मग तो वाढपी हसला आणि दोघास्नी बी वाढलं.”

हा किस्सा मी वीसेक वेळा तरी ऐकला असेल. एकदा वैतागून म्हणालो, “अरे, पाहुणा दोन हातांवर बसलाय, ओरडतोस कशाला?” त्यानं फक्त मान हलवली, “मास्तर, तुम्ही चहा प्या.” मला वाटायचं, परदेशवारीची मिरवणूक आहे झालं.

दिवसकार्य झाल्यावर एकदा वहिनींकडं गेलो. अश्विनी आणि जावई आलेले होते. जावई अंगणात बसून शेजारच्या बायकांबरोबर शेंगा फोडत होता. वहिनी त्याच्याकडं बघत म्हणाल्या, “भावजी, हे पावण्यांस्नी सांगत न्हवते. मला सांगत हुते. भांडी घासायची थांबवून ऐकायची मी.”

“मग त्याला तसं सांगितलं का नाही?”

“व्हय, येते म्हटलं असतं तर ह्यांचं सांगायचं थांबलं असतं. दिवाळी झाल्यावर जाऊ, असं म्हणायचं मनात हुतं...” आणि त्या पदराआड झाल्या. मला त्या क्षणी स्वतःचाच राग आला. चाळीस वर्षांचा मित्र, आणि तो कुणासाठी घसा फोडतोय एवढं मला कळलं नव्हतं.

वहिनी लेकीबरोबर गेल्या. व्हिसाला थोडे दिवस लागले, पण गेल्या. मागच्या रविवारी त्यांचा फोन आला. ट्राम झाली, पूल झाला, हौदाच्या काठावर पाय सोडून बसून झालं. सगळं विलासनं सांगितलं तसंच होतं म्हणे. आणि मग आवाज एकदम बदलला.

“भावजी, हितं मिरचीबाजार हाय. लाल मिरच्यांच्या माळाच माळा. एक म्हातारी माळ ओवत बसलीया, मी बी तिच्याजवळ बसले. तिचं मला कळंना, माझं तिला. तासभर देठं काढली दोघींनी. मिरची रंगाला लई झ्याक, तिखटाला मात्र काय न्हाय. आता ह्यांनी ह्ये कवाच सांगितलं न्हाय. म्हंजे त्यांनी बघितलंच न्हाय बघा.”

मग वहिनीच हळूच म्हणाल्या,

“आता हे कुणाला सांगू मी?”

“मला सांगा की, वहिनी,” मी म्हणालो.

“सांगते. तुम्ही मधी बोलू नका. नुसतं हूं म्हणा. मी काय सांगाया लागले की ते म्हणायचे तसं.”

मी खुर्ची खिडकीजवळ ओढून घेतली. वहिनी सांगत राहिल्या आणि मी हूं म्हणत राहिलो.