टोल्युइनचा वास

ऐंशीच्या दशकात अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात मी टोल्युइनच्या टाकीवर कामाला होतो. टोल्युइन दिसतं पाण्यासारखं, रंग पातळ करतं आणि हवा लागली की उडून जातं. हातावर गार लागतं. पेट मात्र असा घेतं की बिडी-काडेपेटी गेटवरच ठेवावी लागे. वाफ जड, जमिनीलगत बसणारी. वाकून काम केलं की डोकं गरगरायचं. त्यावर उपाय म्हणून पाळी संपताना प्रत्येकाला गुळाचा खडा मिळे. गूळ खाल्ला की छाती साफ, अशी सगळ्यांची खात्री. माझीही. मास्क बिचारे खुंटीवर नवेकोरे राहायचे.

हाताचा रंग काढायलाही आम्ही टोल्युइनच घ्यायचो. झटपट निघतो ना! कातडी पांढरी पडून फुटायची. अंगाला वास येतो हे मात्र कुणालाच कळत नसे, कारण नाकाला सवय झालेली.

मुलगी झाली तेव्हा डॉक्टरांनी बायकोला बजावलं, "यांचे कामाचे कपडे बाळाजवळ नकोत. वाफ बाधते." शिवमंदिराकडच्या आमच्या एका खोलीत कपडे ठेवणार कुठे, आढ्याला? बायको बाळाला घेऊन वांगणीकडच्या पाड्यावर माहेरी गेली आणि तिथेच राहिली. लेक तिकडेच चालायला शिकली. इकडे मी आणि स्टोव्ह. एकट्यापुरता भात लावताना मला चक्क रडू यायचं.

आमची सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी मी पाड्यावर जायचो. लेक दुडुदुडु धावत यायची, माझ्या मनगटाला नाक लावून खुदकन हसायची. बायको तिला मागे ओढायची. "आधी आंघोळ करा हो!"

शेवटी साहेबांच्या हातापाया पडून मी पॅकिंगमध्ये बदली घेतली. हात खोबरेल आणि साबणाने धुवायला लागलो. भेगा भरल्या, वास गेला. दोघींना घरी आणायचं म्हणून नवा शर्ट घालून पाड्यावर गेलो.

लेक धावत आली. तिने मनगटाला नाक लावलं. पुन्हा लावलं. मग माझ्या तोंडाकडे बघत मागे सरकली आणि आईच्या पदरात शिरली.

"अगं, बाबा आलेत ना तुझे," सासूबाई म्हणाल्या.

"ह्यो नाय," लेक म्हणाली.