नक्षीची दुसरी प्रत

खडेबाजारातल्या एका माडीवर मालुबाईंचं भरतकामाचं यंत्र आहे. त्याला नक्षी पुरवणारा संगणक इतका म्हातारा, की फ्लॉपीशिवाय दुसरं काही त्याच्या घशाखाली उतरत नाही. ब्लाऊजवरचे मोर, वेली, कोयऱ्या, सगळं बाईंनी स्वतः त्यावर रेखलेलं. त्यावरच पोट. आणि प्रत? एकच, फ्लॉप्यांवरची. निपाणीची जाऊ अक्काताई, तिच्याकडंही असलंच यंत्र. नक्षी मागून मागून थकली, पण बाईंनी वेलीचं एक पानही दिलं नाही.

मग संगणक कुरकुरायला लागला. संगणक दुरुस्त करणाऱ्या कोगनोळीच्या सौरवला बोलावलं. त्यानं एक छोटी पेटी आणली.

"मावशी, ही फ्लॉपीच्या जागी बसवायची. हिच्यात पेनड्राइव्ह घातला की संगणकाला वाटतंय फ्लॉपीच हाय. पर आधी जुन्या फ्लॉप्या वाचाय पायजेत."

"मग वाच की! इचारतोस काय?"

पहिलीच फ्लॉपी पत्रा खरवडल्यासारखी ओरडली. सौरवनं ती झटकन काढली. चकतीवर गोल चरा. संगणकाच्या फटीत बॅटरी मारली, तर आत लाल भुकटी.

"हे काय वं मावशी?"

दर खंडेनवमीला बाई यंत्राच्या सुईला आणि संगणकाच्या ह्या फटीला हळदकुंकू वाहत. तोंड तेच ना त्याचं!

"कुंकू," त्या पुटपुटल्या. "गेली का रं?"

"ही गेली. बाकीच्यांचं सांगता येत न्हाय."

त्यानं फ्लॉपी वाचायचा स्वतःचा स्वच्छ ड्राइव्ह लॅपटॉपला जोडला. एकेक फ्लॉपी आत जाई आणि बाई पदर तोंडात धरून उभ्या. मोरांची अडकली. घरघरली. थांबली. मग पुन्हा सरकली.

अखेर बाकी सगळ्या वाचून झाल्या, पेटी बसली, पेनड्राइव्ह आत गेला, सुई धावू लागली.

"झालं की! आता भ्या कशाचं?" सौरव म्हणाला.

"आनि हे बोटभर पेन मेलं तर?"

"दुसरी प्रत करू. पर ह्या घरात नको, आग लागली तर दोन्ही जातील."

"तुझ्याकडं ठेव."

"माझा काय भरवसा? आज कोगनोळी, उद्या पुणं."

बाईंनी धावत्या सुईकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "निपाणीला अक्काताईकडं देशील?"

"ती उद्याच तुमचे मोर इकंल की!"

"इकू दे तिला."

फटकन बोलून गेल्या खऱ्या, पण दुसऱ्या प्रतीचा पेनड्राइव्ह सौरवच्या हातात देताना बोटं सुटेनात. शेवटी सौरवनंच तो हळूच ओढून घेतला.