कूलरचं पाणी आणि गाडीची काच

उन्हाळ्याच्या सुटीत माझी गाडी दोन महिने जागची हलली नव्हती. मी यवतमाळहून मारेगाव तालुक्यातल्या एका शाळेत शिकवायला जाते. शाळा बंद, म्हणजे गाडीही बंद. शेजारच्या काकांच्या भिंतीला लागून सावली असते, म्हणून ती तिथेच लावलेली. भिंतीच्या वर त्यांच्या खिडकीतला कूलर. काका रोज पाइप लावून त्याची टाकी भरत, ती उतू जाई आणि सगळे शिंतोडे माझ्या काचांवर. आमच्या वस्तीत बोअरचं पाणी इतकं जड, की नळाच्या तोंडालाही पांढरा थर चढतो. दुपारी सावली सरकली की ते थेंब काचेवर तापून वाळत.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी गाडी धुतली, तेव्हा डाग जाईनात. मी बाथरूमच्या फरश्या धुवायचं औषध आणलं आणि माझ्या बाजूच्या खिडकीची काच तारेच्या घासणीनं खसाखसा घासली. मग हात दुखले म्हणून समोरची काच तशीच सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारेगावच्या रस्त्याला लागले, तर ऊन सरळ तोंडावर. समोरच्या काचेवरचा एकेक ठिपका पेटल्यासारखा चमकायला लागला. रस्ता दिसेना. शेळ्यांचा कळप दिसला तो अगदी जवळ आल्यावर. ब्रेक लागला, कुणाला काही झालं नाही.

संध्याकाळी घरी आले ती थेट काकांच्या फाटकाशी.

"तुमच्या कूलरनं माझी गाडी आंधळी केली, काका! आज जीव गेला असता कोणाचा तरी!"

काकांनी काचेवरून बोट फिरवलं. मग मान खाली घालून आत निघून गेले. मला वाटलं, आता हे घर तुटलं आपल्याला.

रविवारी सकाळी फाटक वाजलं. काका उभे. हातात व्हिनेगरची बाटली आणि जुन्या बनियनच्या चिंध्या.

"पाणी माझं, तं डागही मीच काढतो. गाडी सावलीत घ्या, मॅडम. काच थंडी पायजे."

काका एका शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होते. तीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी चिंध्या व्हिनेगरमध्ये भिजवून समोरच्या काचेवर अंथरल्या, रबराला लागू नये म्हणून कडेला कोरडं फडकं ठेवलं आणि स्टुलावर बसले.

"तुम्ही घासत नाही?" मी विचारलं.

"घासायचं कायले? क्षार हाय तो. त्याले विरघळू द्या. चिंधी मात्र वाळू द्यायची नाई."

दहा मिनिटांनी त्यांनी चिंधी उचलून पुसलं. निम्मे ठिपके गेले होते. तीनदा तसंच केलं, साध्या पाण्यानं धुतलं, आणि समोरची काच लख्ख झाली. मला इतका आनंद झाला, की मी टाळी वाजवली.

मग आम्ही माझ्या बाजूच्या, कूलरच्या बरोबर खाली येणाऱ्या खिडकीकडे वळलो. तिथे थर निघाला, पण गोल खुणा तशाच. काकांनी नख फिरवलं. "हा डाग नाई आता. इथं काच खाल्ली गेली हाय." मग डोळे बारीक करून जवळून बघितलं. "आन् हे ओरखडे काहून आले?"

मी खरं सांगितलं. औषध, तारेची घासणी, सगळं. भांडताना मी हे शब्दानंही बोलले नव्हते.

काका हसले. "मंग अर्धा गुन्हा तुमचा."

"अर्ध्याहून जास्तच, काका."

पुढच्या रविवारी ते यवतमाळजवळच्या लोहाऱ्यातल्या एका काचवाल्याकडून काच पॉलिश करायची गुलाबी पूड घेऊन आले. पाण्यात कालवून, नमद्याच्या, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या, तुकड्यावर घेऊन आम्ही आळीपाळीनं घासत बसलो. पूड वाळली की काका ओरडत, "पाणी मारा, पाणी!" एकाच जागी हात ठेवू देत नसत. दोन रविवार गेले. बारीक खुणा गेल्या, खालच्या कोपऱ्यातला एक खोल ओरखडा राहिला.

"राहू द्या त्याले," काका म्हणाले. "लई घासलं तं काचेतून वाकडं दिसन."

घासता घासता मी त्यांच्याशी आमच्या शाळेतल्या कपाटाबद्दल बोलले होते. परीक्षानळ्या, चंचुपात्रं, सगळं धूळ खात पडलेलं. कुणाला हात लावायची हिंमत नाही. ते तेव्हा घासत राहिले. मात्र एका शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून गाडीपाशी येऊन उभे राहिले.

"चला, पाहू तुमचं कपाट."

त्यांनी अख्खी सकाळ नळ्या धुतल्या. मग शाळेच्या नळावरची पांढरी खपली काढून सातवीच्या वर्गासमोर व्हिनेगरमध्ये टाकली. खपलीतून बुडबुडे निघाले, तशी सगळी मुलं बाकांवरून उठून टेबलाभोवती गोळा झाली.

एका मुलीनं विचारलं, "सर, आमच्या घरच्या नळालेही हे जमते काय?"

काकांनी मागे वळून पाहिलं, कुणी शिक्षक आत आलेत का म्हणून. दारात मी एकटीच होते. मी मान हलवली, तुम्हालाच विचारतेय.

ते मुलीकडे वळले. "जमते ना, बेटा," ते म्हणाले. "ये, इकडे पुढं ये. तूच करून पाहा."