नऊ दिवसांची भट्टी

भट्टीवाले काका बावीस वर्षं कारखान्यात स्फटिक वाढवत होते. पांढरी पूड वितळवायची आणि भट्टी इतक्या हळू निववायची की नऊ दिवसांनी मुठीएवढा, पाण्यासारखा नितळ खडा हाती यावा. त्याची भिंगं होत. नव्या साहेबानं नऊ दिवसांचे तीन केले. खडे डागाळ निघू लागले, आणि निष्काळजीपणाची नोटीस कुणाला? काकांना! माझं टाळकंच सरकलं.

कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही, पण युनियनचं काम घेतलं की मुळापासून समजून घेतो. काकांनी समजावलं होतं, "रस एका जागी गोठत नाही रे. दहा कोपऱ्यांत सुरुवात होते, प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. सवड दिली तर एकमेकांचं बघून रांगेत येतात. घाई केली की जो तो आपलंच खरं करतो, आणि भिडतात तिथं सांधा राहतो, तोच खड्यातला डाग. त्यात गोठायच्या ऐन वेळी रस सुस्तावतो. नेमका तिथंच साहेब रेटतो."

"आमच्या युनियनसारखंच की."

"तुमच्यात सांधे कुठले? नुसत्या भेगा!" म्हातारा हसला.

चौकशीत मी बावीस वर्षांची नोंदवही टेबलावर आपटली. नऊ दिवसांचे खडे बघा, तीन दिवसांचे बघा. साहेबानं पानं चाळली. मग त्यानं सहज विचारलं, "काका, नऊ दिवस दिले तर एकही दोष राहणार नाही ना?"

मी टेबलाखालून काकांचा पाय दाबला.

"राहतील की," काका म्हणाले. "कमी राहतील. अठरा दिवस दिलेत तर आणखी कमी. अजिबात नाही, असं होत नसतं साहेब."

"म्हणजे दोष तुमच्या पद्धतीतही आहेच!" साहेबानं लगेच लिहून घेतलं.

बाहेर येताच मी भडकलो. "काय नडलं होतं तोंड उघडायचं?"

"खोटं बोलू? नऊ दिवसांच्या खड्यात सांधा निघाला असता, तर तू तोंड कुठं लपवलं असतंस?"

काकांना पॅकिंगला टाकलं. तीन दिवसांचे तेच डागाळ खडे आता ते खोक्यात भरतात. अपिलाचा कागद मी चारदा फाडलाय. 'नऊ दिवसांत दोष राहत नाहीत' एवढं एक वाक्य घातलं तर भट्टी परत मिळेल. पण खाली सही काकांची लागते, आणि हा माणूस वाचल्याशिवाय सही करत नाही.